काळी चार

आत्याच्या पंचाहत्तरीला तिनं गायचं, हे तिला सोडून सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. जेवणं झाली, पानाचं तबक फिरलं, पोरांना गच्चीवर पिटाळलं, सतरंजी झटकून परत अंथरली आणि पेटीवाले काका पेटी घेऊन मधोमध बसले. मी त्यांच्या शेजारीच, भिंतीला टेकून. आत्या घसा साफ करत होती, कुणाला तरी पंखा कमी करायला सांगत होती, आणि तेवढ्यात काकांनी पट्ट्यांची ती अख्खी चौकट जराशी उचलली, डावीकडे दोन घरं सरकवली आणि खट्कन खाली बसवली. सेकंदभराचं काम. मग बोटं नेहमीसारखी काळी चारवर, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर ठेवली, भाता हलवला, आणि सूर आला तो काळी तीनचा, काळ्या-पांढऱ्या मिळून दोन पट्ट्या खालचा.

आत्यानं सा लावला. छान भरदार लागला, वरच्या षड्जापर्यंत कुठेही ओढाताण न होता गेली, मधे एकदा तर डोळे मिटून इतकी रमली की शेवटचा अंतरा परत घेतला. गाणं संपल्यावर माझा एक भाऊ, जो स्वतः कीबोर्ड वाजवतो आणि ज्याचं सगळं लक्ष काकांच्या बोटांवर होतं, जोरात म्हणाला, "बघा! पंचाहत्तरीतसुद्धा काळी चार!" टाळ्या पडल्या. काकांनी उगाचच चष्मा काढून रुमालानं पुसला. आत्या हसली आणि काहीच बोलली नाही.

ते काहीच न बोलणं माझ्या डोक्यातून जाईना.

ज्यांच्या घरात कुणी गात नाही त्यांना हे सगळं अति वाटेल, माहितीय मला. दोन घरं खाली आली तर आली, बिघडलं काय? पण आमच्या सांगलीच्या घरात माणसं पट्टीवरून, म्हणजे गाताना कुणाचा सा कुठे लागतो त्यावरून, ओळखली जायची. बाबा काळी एक, आत्या काळी चार, एक मामी काळी पाच (आणि ती ते कुणीही न विचारता सांगायची), आणि आम्हा पोरांबद्दल एकमत होतं की यांना पट्टीच नाही. बायकांची पट्टी साधारण काळी चार-पाच, पुरुषांची काळी एक-दोनच्या आसपास, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आत्याला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का वगैरे झाल्यावर सासऱ्यांनी म्हणे विचारलं होतं, "कुठल्या पट्टीत गाता?" तो किस्सा ती अजून सांगते आणि "काळी चार" हे शब्द आले की आपोआप ताठ बसते. पट्टी उंच असण्याचा आणि गाणं चांगलं असण्याचा काडीचा संबंध नाही, हे प्रत्येक गुरू पहिल्याच महिन्यात सांगतो आणि ते कुणीही मनावर घेत नाही. तसं 'वरच्या पट्टीत' म्हणजे आपल्याकडे सरळसरळ भांडण, आणि आत्या भांडायला लागली की काळी पाच पण मागे पडायची ते वेगळं. आणि हा शब्द तरी काय, शाळेत हातावर बसायची ती पट्टी, नगरपालिका पाठवते ती घरपट्टी, गुडघा फुटला की बांधतात ती पट्टी, पेटीवर बोटाखाली येते ती पण पट्टी आणि सगळ्या गाण्याचा सा ज्यावर उभा असतो ती पण पट्टीच. इंग्रजीत तर कुलपाची किल्ली, पेटीची पट्टी आणि गाण्याची पट्टी या तिघींना मिळून एकच 'की' आहे, त्यामुळे भाऊ जेव्हा "की चेंज कर" म्हणतो तेव्हा आई अजून दाराकडे बघते.

आजोबांचा फोनो, म्हणजे ग्रामोफोन होता. माझ्या लहानपणापर्यंत तो शोभेची वस्तू होऊन गेला होता, पण दिवाळीत बाहेर निघायचा. बाजूच्या दांड्यानं त्याला चावी द्यायची, आणि हे काम मिळावं म्हणून आमच्यात मारामाऱ्या. मोजून फिरवायची, जास्त पिळली तर आतली स्प्रिंग तुटेल हा धाक. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, पण चावी कमी भरली असेल तर तेवढं पण निभायचं नाही. शेवटी शेवटी स्प्रिंग सैल पडायची आणि आतली बाई हळूहळू पेंगुळल्यासारखी गायला लागायची, आवाज जड, घोगरा होत होत शेवटच्या तानेला चक्क बाप्या झालेला असायचा. आम्ही हसून लोळायचो. आजोबा मात्र उठून घाईघाईनं दांडा फिरवायचे, आणि बाई परत सर्रकन वर चढून आपल्या जागी यायची. पुढे कधीतरी मी हिशोब करून बघितला, तबकडी मिनिटाला 78 फेऱ्यांवरून 74 च्याही किंचित खाली आली की गाणं बरोब्बर एक घर उतरतं. म्हणजे काळी चारची बाई पांढरी पाचवर येते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

यातली अजून एक गंमत अशी की सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या 78 वरच भरलेल्या असायच्या असंही नाही. 1902 मध्ये गौहरजाननं कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं तिथपासून पुढची कित्येक वर्षं वेग थोडा इकडे थोडा तिकडे. त्यामुळे "पूर्वीच्या लोकांच्या पट्ट्या काय उंच होत्या हो!" असं कुणी म्हणालं की मला शंका येते, यातली गळ्याची किती आणि मशीनची किती. बोलत नाही. सांगलीत असं बोलून जेवायला बोलवणारं कुणी उरणार नाही.

तसं पट्टीच्या बाबतीत सगळ्यात लोकशाही प्रकार म्हणजे गणपतीची आरती. तिथे पट्टी ठरवतो तो, जो पहिला तोंड उघडतो. आमच्या सोसायटीत हा मान ज्या काकूंकडे आहे त्या पहिलीच ओळ इतकी वर धरतात की तिसऱ्या आरतीपर्यंत पुरुषमंडळी एक तर खालच्या सप्तकात पळालेली असतात नाहीतर नुसत्या टाळ्या वाजवतात, आणि शंकराची आरती येईपर्यंत फक्त काकू आणि शाळेतली मुलं उरतात. कुणीही त्यांना सांगत नाही. याउलट कराओके. तिथे लोक बिनधास्त "दोननं खाली घ्या, अजून एक, हां, आता बरोबर" करतात, सगळ्यांसमोर, वजनकाट्यावर वजनं काढत बसल्यासारखं, आणि कुणाला त्यात लाज वाटत नाही. कारण ते गाणं मुळात आपलं नसतंच बहुतेक. दुसऱ्याचं गाणं आपल्या गळ्यात बसवताना पट्टी बदलायला काहीच वाटत नाही, त्रास होतो तो आपलंच गाणं आपल्याच गळ्यात बसेनासं झालं की.

पेटीवाल्या काकांनीच मला लहानपणी एक खेळ शिकवला होता, तो आजही पेटी दिसली की मी करते. तुम्हीपण करून बघा, मोबाईलवरच्या पेटीवर पण जमतो. पांढऱ्या पट्ट्यांना हातच लावायचा नाही. फक्त पाच काळ्या. काळी तीनला सा मानून ओळीनं वर जा, भूप राग. आता त्याच पाच पट्ट्या, पण सुरुवात काळी चारपासून, तिथे सा, की झाला मधमाद सारंग. काळी पाचपासून निघालात तर मालकंस, आणि हा पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता कारण एकही पट्टी नवीन नाही, बोटं तिथेच, आणि संध्याकाळची अचानक मध्यरात्र होते. काळी एकपासून दुर्गा. काळी दोनपासून धानी. काका याला षड्जचालन म्हणायचे, पुस्तकात मूर्च्छना म्हणतात. आपल्याकडे पट्टी एकदा ठरली की मैफल संपेपर्यंत हलत नाही, पाश्चात्त्य संगीतात मधेच उडी मारून दुसऱ्या पट्टीत जातात तसं आपण करत नाही, पण सा तिथेच ठेवून कान मात्र दुसरीकडे नेऊन आणायचा हा उद्योग आपल्याकडे जुना आहे. पंडित जसराजांच्या नावानं जसरंगी जुगलबंदी आली ती यावरच उभी आहे. पुरुष काळी एकमध्ये, बाई काळी तीनमध्ये, तिचा सा हा त्याचा मध्यम, त्याचा सा हा तिचा पंचम. ती भूप गाते, तो दुर्गा गातो, दोघं एकाच वेळी, स्वर तेच पाच, आणि कुणालाही आपली पट्टी सोडावी लागत नाही. कित्येक वर्षं बाई-पुरुषांच्या जुगलबंद्यांत एक जण पट्टी सोडून दुसऱ्याकडे जायचा आणि बिचारा तिथे अवघडून बसायचा, त्यावर काढलेला हा तोडगा. संसारात हे कुणाला जमलंय का माहीत नाही.

बरं, काकांनी ज्या सहजपणे पट्ट्यांची चौकट सरकवली, ती सोयही फुकट मिळालेली नाही. जुनी मंडळी अशा स्केलचेंजर पेटीला नाकं मुरडतात, म्हणतात बारा पट्ट्यांत बोटं फिरली पाहिजेत, ही काय आळशी लोकांची पेटी. पण खरी गोम वेगळीच आहे. सप्तकाची बारा घरं अगदी सारख्या अंतराची पाडली तरच पट्टी हवी तशी बदलता येते, आणि ती सारखी पाडायची तर प्रत्येक स्वराला त्याच्या खऱ्या जागेवरून थोडंथोडं हलवावं लागतं. सगळ्यात जास्त ज्यांना सोसावं लागतं त्यांत शुद्ध गंधार. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली, जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तो घासून आणलेला भाग, नीट असली की तिच्यातून एक गंधार आपोआप ऐकू येतो, कुणी न छेडता, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा चांगला चौदा सेंट चढा असतो, सेंट म्हणजे एका घराचे शंभर भाग केले तर त्यातला एक. काळी चारचा सा आणि पेटीचा गंधार एकत्र दाबून धरा आणि कान देऊन ऐका, सेकंदाला आठेक वेळा एक बारीक थरथर ऐकू येते. एकदा ऐकलीत की मग सुटका नाही. पेटीवर लोकांचा राग होता तो यासाठी आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही यासाठी, 1940 साली तर रेडिओनं पेटीला दारच बंद केलं आणि ते पुढे तीसेक वर्षं बंद राहिलं. गंमत म्हणजे त्याच काळात घराघरांत, भजनात, नाटकात पेटीशिवाय कुणाचं पान हलत नव्हतं.

याला उपाय आहेत. एका ठरलेल्या पट्टीपुरती पेटी तंतोतंत लावून घ्यायची, त्याला गंधार ट्यूनिंग म्हणतात, पण मग ती पेटी त्या पट्टीचीच, दुसऱ्या पट्टीत गेलात की भेसूर. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी तर बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकात बाराऐवजी बावीस बारीक जागा असलेली पेटी करून दाखवली. मी अशी लावलेली पेटी एकदा समोर बसून ऐकलीय, तंबोऱ्यात ती मिसळून जाते, वेगळी ऐकूच येत नाही, आणि घरी येऊन आपली नेहमीची पेटी उघडली तर दोन दिवस ती कानाला टोचत राहिली. तरीही काकांची पेटी मी टाकून देणार नाही. कारण ती सगळ्यांच्या गळ्याला चालते, नातीच्या, आत्याच्या, बाबांच्या, आरतीवाल्या काकूंच्या सुद्धा. तिच्यात एकही स्वर पुरता खरा नाही, सा आणि त्याचं वरचं भावंड सोडलं तर, आणि म्हणूनच तिला कुणाबरोबरही खाली-वर होता येतं. हे मला पटतं आणि पटतही नाही. त्या रात्री काळी तीनवर आत्याचा आवाज जसा मोकळा लागला तो ऐकताना पटलं होतं, भावाच्या टाळ्या ऐकताना नाही.

आवाजाचं तसंही कुणाच्या हातात नसतं. मुलांचा आवाज फुटतो हे सगळ्यांना माहीत असतं, नाटक कंपन्यांच्या काळात स्त्री-भूमिका करणाऱ्या पोरांचं सगळं नशीबच त्या एका वर्षावर टांगलेलं असायचं. बायकांच्या बाबतीत मात्र कुणी काही बोलत नाही. पाळी गेल्यावर हार्मोन्स बदलतात, स्वरतंतू जाडसर होतात, आवाज हळूहळू खाली येतो. पुरुषांचं म्हातारपणी उलट, त्यांचा थोडा वर चढतो. हल्ली लँडलाईनवर बाबांनी फोन उचलला की लोक त्यांना आत्या समजतात आणि आत्याला बाबा, आणि दोघांनाही याचा सारखाच राग येतो. आत्या वरच्या पट्टीत रागावते म्हणून निदान तेवढ्यापुरतं कोण कोण ते कळतं.

शेवटी मी आत्याला विचारलंच. आडवळणानं, म्हणजे ती भाजी निवडत होती आणि मी मुद्दाम त्या दिवशीचं गाणं किती छान झालं वगैरे सुरू केलं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"काकांनी पेटी उतरवली ते विचारायचंय ना तुला? अगं, घसा माझा आहे. पहिल्या 'सा'लाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"त्याला किती ओशाळल्यासारखं झालं असतं. तो बिचारा माझ्यासाठी करत होता." मग मेथीची जुडी परत उचलून, माझ्याकडे न बघता, "आणि टाळ्या पडल्या तेव्हा बरंही वाटलं. खोटं कशाला बोलू."

पुढे निघालं ते असं की घरी सकाळी ती मोबाईलवरचा तंबोरा लावते तो बऱ्याच दिवसांपासून काळी तीनवरच आहे, आणि थंडीत कधीकधी त्याच्याही खाली. पडद्यावर बोट सरकवलं की झालं, कुणाला कळत नाही, शेजारच्यांना तर नाहीच नाही. "पण तो तंबोरा नाही गं," ती म्हणाली, "तो नुसता सांगतो सा कुठाय ते." तिचा खरा तंबोरा कपाटाच्या मागे गवसणीत उभा होता, दोन तारा गेलेल्या. आम्ही तो बाहेर काढला तेव्हा गवसणीला डांबरगोळ्यांचा वास आणि भोपळ्यावर धुळीत कुणाच्या तरी लहानपणच्या बोटांचे ठसे. तिला लग्नात मिळालेला, मिरजेचा. उरलेल्या तारा मी काळी तीनपर्यंत उतरवून बघितल्या तर नुसत्या फडफडायला लागल्या. काळी चारसाठी बसवलेल्या तारा त्या, सैल सोडून त्या खाली येत नाहीत.

म्हणून आम्ही मिरजेला गेलो. सांगलीहून मिरज म्हणजे गेलो काय अन् आलो काय, पण तंबोरा रिक्षात आडवा घेऊन बसल्यावर ते अंतरही बरंच वाटतं. सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी वास येतो, लाकडाचा भुसा आणि पॉलिश. माळ्यावर पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे टांगलेले. पूर्वी शस्त्रांचं काम करणारी ही घराणी दीडशे वर्षांमागे वाद्यांकडे वळली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा कागद आता भिंतीवर चिकटवलेला दिसतो. कारागिरानं गवसणी सोडवली, तबलीवर टिचकी मारली, घोडीवर नखानं खरवडलं, "जवारी गेलीय पार" म्हणाला. मग तारांचं वेटोळं हातात घेऊन, वर न बघता, सवयीनं विचारलं, "पट्टी?"

"काळी तीन," आत्या म्हणाली. मोठ्यानं. दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं होती. "आणि दोन-तीन वर्षांनी मी परत येणार आहे, तेव्हा पांढरी चार म्हणेन. त्या बेतानंच तारा बसवा."

"पांढरी चारला खर्ज अजून जाड लागेल ताई. आत्ता ती बसवली तर काळी तीनला ताण जास्त येईल."

"मग तेव्हा जवारी परत काढावी लागेल?"

"लागेल ना."

"म्हणजे पैसे दोनदा?" आत्यानं पर्स मिटली आणि स्टुलावर नीट मांडी ठोकून बसली. पुढचा अर्धा तास त्या गल्लीत जी घासाघीस चालली ती, मी सांगते, काळी पाचच्या खाली अजिबात नव्हती.